एकतीस नंबरचा फोटो

आमच्या नात्यात म्हणतात की मी मामाच्या वह्या लोभापायी अडवून ठेवल्या. तोंडावर कोणी म्हणत नाही, माझा राग सगळ्यांना ठाऊक आहे. पण पंगतीतून मी हात धुवायला उठलो की मागे ते सुरू होतं. ते खोटं आहे. त्या वह्यांसाठी मी एक पैसा मागितला नव्हता. मागितलं ते दुसरंच होतं, आणि ते मागण्याचा मला हक्क होता असं मला आजही वाटतं. तरी जे झालं ते माझ्याच हातून झालं, म्हणून ते मीच लिहितो.

माझा धंदा जुन्या सामानाचा. वडील गेले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. रायपूरच्या गोल बाजारात भांडीवाल्यांना मोडीचं पितळ गोळा करून देण्यापासून सुरुवात केली. मग सायकलचा ठेला, मग भाड्याचं पत्र्याचं शेड, आता स्वतःचं गोदाम. हात कोणी दिला नाही. जे शिकलो ते फसून शिकलो. त्यातल्या दोन गोष्टी मी कधी मोडल्या नाहीत. आलेला माल त्याच दिवशी फोडायचा. अख्खी पेटी कोणी घेत नाही. ज्याला पेटी हवी त्याला आतलं नको असतं, आणि ज्याला आतलं हवं त्याच्या घरात पेटीला जागा नसते. म्हणून पेटी वेगळी, भांडी वेगळी, कागद वेगळा, फोटो वेगळे. दुसरी गोष्ट, समोरच्याने पहिल्यांदा जे देऊ केलं ते घ्यायचं नाही. जाऊ द्यायचं त्याला. माझ्या गोदामाला तीन पायऱ्या आहेत. ज्याला वस्तू खरंच हवी असते तो शेवटच्या पायरीवर थांबतो आणि वळतो. मी आतून त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही, पायांच्या आवाजावरून मला कळतं.

आणि मी कागद वाचत नाही. जाडी पाहतो, वाळवी लागली की नाही ते पाहतो. लोकांची पत्रं, कुंडल्या, डायऱ्या हातून गेल्या. वाचत बसलो असतो तर ठेल्यावरच राहिलो असतो.

मामा म्हणजे माझ्या आईचा एकुलता एक धाकटा भाऊ. शिकलेला, हुशार, दिसायला देखणा. आपल्या देशात रॉकेटं सोडायला नुकती सुरुवात झाली होती तेव्हा तो दक्षिणेत समुद्रकाठी त्या कामावर लागला. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ते कोणाला खरं वाटत नव्हतं. आई अभिमानाने सांगायची आणि बायका विचारायच्या, "म्हणजे दिवाळीतलंच ना जी, मोठं?" मामाचं काम वारा मोजण्याचं. त्या वेळच्या रॉकेटांना सुकाणू नव्हतं. एकदा सुटलं की वारा नेईल तिकडे झुकायचं. म्हणून आधी फुगे सोडायचे, ते कुठे वाहत जातात ते पाहायचं, आणि त्या हिशेबाने रॉकेट ज्या सांगाड्यावर ठेवलेलं असे तो थोडा इकडे थोडा तिकडे कलता करायचा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मामा माझ्या ताईच्या लग्नाला आला नाही.

आमच्यात मुलीचा मामा तिला मांडवात आणतो आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभा राहतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत हलत नाही. ताईचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. आदल्या दिवशी मामाची तार आली, रजा मिळत नाही, आशीर्वाद. आईने ती तार घडी करून कमरेला खोचली आणि दिवसभर कामं करत राहिली. वेळ आली तेव्हा भटजींनी विचारलं, मुलीचे मामा कुठे आहेत. सगळा मांडव आईकडे पाहू लागला. शेवटी रेल्वेत नोकरीला असलेले शेजारचे एक गृहस्थ पुढे आले आणि ताईच्या मागे उभे राहिले. भले माणूस होते. पण त्यांना काय करायचं ते माहीत नव्हतं, आणि ते सारखे मागे वळून आईला खुणेने विचारत होते. वऱ्हाडातली एक बाई मोठ्याने म्हणाली, "भाड्याचा मामा आणला वाटते." मी तेरा वर्षांचा होतो. तिचा चेहरा मला आजही आठवतो.

आईने पुढे कधी मामाबद्दल वाईट शब्द काढला नाही. पण अभिमानाने सांगणंही बंद केलं. मामा नंतर यायचा, वर्षा-दोन वर्षांनी, नारळाच्या मिठाया घेऊन. त्या लग्नाबद्दल तो कधी बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. ती गेली तेव्हा मी ठरवलं की तिने जे मागितलं नाही ते मी मागणार.

संधी यायला बरीच वर्षं गेली. मामा निवृत्त झाल्यावर रायपुरात परतला आणि मामी गेल्यावर शंकर नगरात मुलीकडे राहू लागला. दोन वर्षांपूर्वी तिने घर रंगवायला काढलं आणि मला फोन केला. मामा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपुरात मुलाकडे होता.

"दादा, बाबांच्या खोलीतलं सगळं घेऊन जा," ती म्हणाली. "ते इथं असले की चिंधीसुद्धा फेकू देत नाहीत."

"विचारलं त्यांना?"

"विचारलं की झालं रंगकाम. तू ये."

त्या सामानात एक हिरवी लोखंडी पेटी होती. आत सात वह्या, कच्च्या, जाड पुठ्ठ्याच्या. अक्षर मामाचं, मी ओळखलं. पानापानावर फोटो होते, काळे पांढरे, काळ्या कागदी कोपऱ्यांत अडकवलेले. प्रत्येकाखाली एक आकडा आणि त्यापुढे बारीक अक्षरात काहीतरी. मी ते वाचलं नाही. गाडीवाला थांबला होता आणि माल त्याच दिवशी फोडायचा असतो.

नवा रायपुरात आजकाल जी कॉफीची दुकानं उघडली आहेत त्यांना भिंतीवर लावायला जुने फोटो लागतात. कोणाचेही चालतात. अनोळखी माणसांचे असले तर जास्त बरं, कोणी येऊन हे माझे आजोबा म्हणत नाही. तसा एक सजावटवाला माझ्याकडे नेहमी येतो. मी कोपऱ्यांतून फोटो सोडवले, बेचाळीस होते, आणि त्याच्या खोक्यात टाकले. पेटी त्यालाच हवी होती, वर काच ठेवून टेबल करायला. वह्या कागदाच्या ढिगात गेल्या असत्या. त्या मी उचलून माझ्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. का, ते मला तेव्हाच पक्कं माहीत होतं. मामा येणार होता.

महिन्याभरात आला. एकटा नव्हता. त्याच्याबरोबर तिशीतली एक मुलगी होती, नवा रायपुरातल्या एका संस्थेत काम करणारी. आडनावावरून आपल्यातलीच, पण बोलायची हिंदीत. मामाने तिला खुर्ची द्यायला लावली आणि स्वतः उभाच राहिला. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

"माझ्या वह्या तुझ्याकडे आहेत म्हणते माझी पोट्टी," तो म्हणाला.

"आहेत."

"दे मग."

"इतकी घाई काहून, मामा? पन्नास वर्षं तर एक गोष्ट बोलायची घाई नव्हती तुम्हाले."

त्याने बरोबरच्या मुलीकडे पाहिलं. ती मधे पडली. तिने मला जे समजावलं ते मी तेव्हा अर्धंच ऐकलं, पण पुढे इतक्यांदा आठवलं की सगळं पाठ झालं आहे. ती म्हणाली, "काकाजी, सरकारी रजिस्टर में ये मिलता है कि रॉकेट कितना ऊपर गया. ये नहीं मिलता कि उस दिन वहाँ कौन था. रस्सी किसने पकड़ी, लकड़ी का टेका किसने बनाया. वो लोग अब बचे नहीं. मैं वही जमा कर रही हूँ. चिट्ठियाँ, डायरी, फोटो. इनकी कॉपी में सबके नाम हैं, फोटो के साथ. ऐसा मुझे और कहीं नहीं मिला."

"तिथं एक सुतार होता," मामा म्हणाला. "त्याचं नाव माझ्या वहीशिवाय जगात कुठंच नाही. आणि माझंही नाही."

मी कपाट उघडलं, एक वही काढली आणि हातातच धरून तिला लांबून दाखवली. पानं उलटताना रिकामे काळे कोपरे दिसले. तिने श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

"फोटो?"

"आहेत," मी म्हणालो. "वेगळे ठेवलेत."

"वेगळे?" मामाने विचारलं. "अरे, त्यांच्या मागं काही लिहिलं नाही मी. शाई पुढं उमटते म्हणून. नंबर सगळे वहीत आहेत. कोणता फोटो कोणत्या पानावर होता, ठेवलं ना तुनं लक्षात?"

"काळजी नका करू," मी म्हणालो, आणि वही परत कपाटात ठेवली. फोटो मला एका फोनवर परत मिळतील अशी माझी खात्री होती. "उद्या या. एकटे या. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रिक्षाने एकटा आला. मी चहा मागवला. त्याने घेतला नाही. मी सरळ सांगितलं. येत्या महिन्यात ताईच्या नातीचं लग्न आहे. सगळे असतील. ताई आता चौऱ्याहत्तरची आहे. त्या मांडवात, सगळ्यांसमोर, तुम्ही उभं राहून म्हणा की तुझ्या लग्नात मी यायला पाहिजे होतं, आलो नाही, चूक झाली. एवढं म्हणा आणि त्याच मांडवातून वह्या घेऊन जा.

मामाने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "तुनं वाचली का वही?"

"मी वाचत नाही मामा. मी विकतो."

"मग ऐक. चौथी वही काढ. एक पान मी तुले वाचून दाखवतो. ते ऐकून तुले जे करायचं ते कर. मांडवात नेऊन वाचायचं असलं तर तू वाच. माझ्या तोंडून चारचौघांत ते निघणार नाही रे, मी तसा माणूस नाही."

आता हे मी जसं झालं तसं लिहितो. मला ते गिऱ्हाइकाचं बोलणं वाटलं. आधी वस्तू हातात घ्यायची, मग बोली कमी करायची, हे मी हजारदा पाहिलं आहे. आणि ती त्याची पहिली बोली होती.

"पान-बिन नाही," मी म्हणालो. "माझ्या आईनं पान मागितलं नव्हतं. माणूस मागितला होता."

"ती मले कधी काही बोलली नाही."

"ती नाही बोलली म्हणूनच मी बोलून राहिलो."

माझा आवाज चढला होता. बाजूचा टायरवाला दारात येऊन उभा राहिला. मी मामाला आणखीही बोललो. भाड्याचा मामा हे शब्द मी त्याला ऐकवले, कोण म्हणालं, कसं म्हणालं, सगळं. तो ऐकून घेत होता. एकदा फक्त म्हणाला, "असं म्हणाले का?" आणि हात टेकून उठला.

तो पायऱ्या उतरला. पहिली. दुसरी. तिसऱ्या पायरीवर तो थांबला. मी कपाटाकडे तोंड करून उभा होतो आणि मनात मोजत होतो. त्याने वळावं म्हणून मी वाट पाहिली. मग रिक्षाचा आवाज आला. तो रिक्षावाल्यासाठी थांबला होता.

येईल, असं मी स्वतःला सांगितलं. हवं आहे त्याला. आठ दिवसांत येईल.

सहाव्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला. सकाळी दाढी करताना मामा पडला होता. अर्धांगवायू. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा वह्या पिशवीत घालून नेल्या होत्या. कोणाला द्यायच्या ते कळेना. मामा जागा होता. मी वह्या त्याच्या डाव्या हाताशी ठेवल्या. त्याने वरच्या पुठ्ठ्यावर हात फिरवला, पान उघडलं, रिकामे कोपरे चाचपले आणि माझ्याकडे पाहिलं. मामेबहीण म्हणाली, "आता आणल्या होय?" मी तिच्यावर ओरडलो नाही. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा असं झालं.

फोटोंच्या मागे मी त्या दिवसापासून लागलो. सजावटवाल्याने चार ठिकाणी वाटले होते. नवा रायपुरातले ते रुंद रस्ते, बस मिळत नाही, गाडीने एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. काउंटरवरच्या पोरापोरींना मी सांगत होतो की भिंतीवरचे ते फोटो मला परत हवेत. एकाने विचारलं, "अंकल, आपके कौन हैं इसमें?" मला बोट ठेवता आलं नाही. चौतीस परत मिळाले. एक दुकान बंद पडलं होतं, तिथले आठ कुठे गेले ते आजवर कळलं नाही. आणि मिळाले त्यांतलेही बरेच सजावटवाल्याच्या फ्रेमवाल्याने काचेत बसावेत म्हणून कडेने कापले होते. मी त्याच्याकडे जाऊन भांडलो. तो म्हणाला, "सेठ, आपने ही तो बोला था, किसी के भी हों, चलेंगे." खोकं न्यायला हाही आला होता, तेव्हा मी तसं म्हणालो होतो.

दोन महिन्यांनी मामाला घरी आणल्यावर ती संस्थेतली मुलगी आली. शंकर नगरातल्या त्या नव्या रंगाच्या खोलीत आम्ही पलंगावर फोटो मांडले. बरेचसे असे, की माळावर एक सांगाडा आणि त्यापाशी मुंगीएवढी माणसं. कोणी टोपी घातलेला, कोणी पाठमोरा. वहीत नावं होती. दोराजवळचा तो, डावीकडून दुसरा तो, फुगा धरलेला तो. ती एक फोटो उचलायची आणि विचारायची, "काकाजी, ये बारह नंबर है?" मामा मान हलवायचा, हो. मग ती मुद्दाम तोच फोटो पुन्हा उचलून विचारायची, "या फिर सत्रह?" मामा पुन्हा मान हलवायचा, हो. डोळ्यांत पाणी आणायचा, डावा हात वर करायचा, तोंडातून एक आवाज काढायचा आणि हो म्हणायचा. सगळ्याला हो.

अकरा फोटो तिने वहीतल्या वर्णनावरून स्वतः जुळवले, ज्यांत चूक होणार नाही असे. सुताराचा फोटो त्यांत नाही. सुतार बसलेला आहे असं वहीत लिहिलं आहे, आणि तीन फोटोंत तीन माणसं बसलेली आहेत.

मग ती चौथी वही वाचू लागली. देवनागरी असली तरी मराठी तिला सावकाश वाचावी लागते. एका पानावर ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ये शायद आपके घर का है." आणि तिने वाचलं. मी नंतर ते पान उतरवून घेतलं, ते असं आहे.

"आज भाचीचं लग्न. रजा मागितली नाही. मागितली असती तर मिळाली असती, फुगे सोडायला दुसरा माणूस आहे. मला इथे राहायचं होतं म्हणून राहिलो. तारेत खोटं लिहिलं. सकाळी दोन फुगे फुटले, तिसरा चांगला गेला. वारा वायव्येकडून. संध्याकाळी, तिकडे गोरज मुहूर्त, त्याच सुमाराला इथे सोडलं. सरळ वर गेलं. आकाशात नारिंगी ढग पसरला. सगळे टाळ्या वाजवत होते. तिकडे अंतरपाट धरला असेल, आणि तिच्या मागे कोण उभं असेल. चूक झाली. बहिणीला हे तोंडाने सांगणं मला जमणार नाही. क्र. ३१, मी उजवीकडून तिसरा, मान खाली."

खोलीत मामेबहीण होती, ती मुलगी होती, पलंगावर मामा. मी फोटोंत एकतीस नंबर शोधू लागलो, जणू तो सापडला तर काही उरेल. एका फोटोत ओळीने माणसं उभी आहेत आणि सगळ्यांची तोंडं वर आहेत. त्याची उजवी बाजू कापलेली आहे. जिथे कापलं आहे तिथे एका माणसाचं कोपर आहे, फक्त कोपर, पांढऱ्या बाहीचं.

मी तो मामासमोर धरला. "हा का, मामा?"

त्याने मान हलवली, हो. मी बाजूचा धरला, ज्यात फक्त समुद्र आणि दोन बैल होते. "की हा?"

हो.

मुलीने आपल्या कागदावर लिहायला घेतलं. काय लिहिलं ते मी विचारलं. ती म्हणाली की एकतीस नंबरपुढे तिने ओळख अनिश्चित असं लिहिलं आहे. मग थोडी चाचरत म्हणाली, "काकाजी, एक और चीज़ लिखनी पड़ती है. चीज़ किस-किस हाथ से होकर आई, रास्ते में उसका क्या हुआ. नहीं तो बाद में पढ़नेवाला समझेगा कि ये शुरू से ऐसी ही थी. नाम नहीं लिखूँगी."

"लिहा," मी म्हणालो. "फोटो विकणाऱ्यानं काढले म्हणून लिहा. वहीचा मालक भाचा लागत होता त्याचा, मामा, तेही लिहा."

मी बोलताना अडखळलो आणि उलटसुलट बोललो. तिला कळलं. तिने लिहिलं, जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने, जो लेखकाचा भाचा होता, फोटो वह्यांपासून वेगळे केले. ते आता तिथे आहे, त्या वह्यांबरोबर, जोवर त्या वह्या राहतील तोवर. सुताराचं नाव आहे पण चेहरा नाही. मामाचंही तसंच.

मामा चुकला होता, हे मी आजही म्हणतो. रजा मिळत असून तो आला नाही, हे तर त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. माझी तक्रार खोटी नव्हती. पण त्या दुपारी तो जे पान वाचून दाखवतो म्हणाला ते हेच होतं. मी त्याला ते वाचू दिलं नाही, आणि माझ्या पाठीमागच्या कपाटात ते कुलपात होतं.

ताईच्या नातीचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. मी एका रविवारी उतरवलेलं पान घेऊन ताईकडे गेलो. ती अंगणात खाटेवर बसून वाल सोलत होती. मी वाचून दाखवलं. तिने सांगितलं, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. ती वाल सोलत राहिली.

"फोटो कुठं आहे तो?" तिने विचारलं.

मी कोपराबद्दल सांगितलं, फ्रेमवाल्याबद्दल, बंद पडलेल्या दुकानाबद्दल. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकत होती. परातीतल्या शेंगा संपल्या तेव्हा तिने टरफलं एका बाजूला सारली.

"त्याले बोलता येत होतं," ती म्हणाली, "तेव्हा तू काय मागून राहिला होता त्याच्याकडं?"

"हेच," मी म्हणालो.